‘उद्यापासून ये’ म्हणण्याआधी

शनिवारी संध्याकाळी घेतलेला माणूस हे आम्हा भोसरीतल्या छोट्या कारखानदारांचं जुनं दुखणं आहे. सोमवारी माल जायचा असतो. व्हीएमसीचा ऑपरेटर लग्नाला म्हणून गावी गेलेला असतो आणि फोन उचलत नसतो. तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातून कुणीतरी ओळखीनं एक पोरगा पाठवतो. पाच वर्षांचा अनुभव, स्वच्छ शर्ट, ‘येतं साहेब, सगळं येतं’. पगार किती घेणार? तो आकडा सांगतो, आपण दोन हजारांनी खाली खेचतो, तो मान डोलावतो. चल, रविवार असला तरी उद्यापासून ये.

असाच घेतलेला एक जण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच टूल थेट वाइसमध्ये घालून मोकळा झाला. ऑफसेट चुकला होता, रॅपिड शंभर टक्क्यांवर होता, आणि स्पिंडलमधून जो आवाज आला तो ऐकून बाहेर चहा पीत उभा असलेला टेम्पोवालाही आत डोकावला. सोमवारचा माल गेला नाहीच, वर बारा दिवस मशीन बंद. तेव्हा मी त्या पोराला नाही नाही ते बोललो. खरं तर त्यानं काही लपवलं नव्हतं. मुलाखतीत त्यानं मला एकही प्रश्न विचारला नव्हता. कंट्रोलर कुठला, मटेरियल काय, टॉलरन्स किती, काही नाही. ज्याला मशीन चालवता येतं त्याला नवं मशीन दिसलं की तोंड आवरत नाही. हे मला माहीत होतं. पण त्या संध्याकाळी माझं लक्ष माणसाकडे नव्हतंच, सोमवारच्या चलनाकडे होतं.

तेव्हापासून माणूस घेताना धोक्याची पहिली खूण मी स्वतःत शोधतो. आपल्याला घाई आहे का? ‘आपल्यातलाच आहे’ या दोन शब्दांवर आपण चौकशी सोडून देतोय का? स्वस्तात मिळतोय म्हणून खूश आहोत का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर त्या दिवशी कुणालाही हो म्हणायचं नाही. काम अडलं असेल तर जॉबवर्कला बाहेर टाकावं, चार पैसे जास्त जातील. माणूस घालवायला त्याहून जास्त जातात.

आता समोरच्या माणसाबद्दल. आपण ज्याला धोक्याची खूण समजतो त्यातलं निम्मं तरी निरर्थक असतं. सगळ्यात वर येतं ते ‘फार नोकऱ्या बदलल्यात’. अर्ज हातात घ्यायचा, सात महिने इथं, आठ महिने तिथं असं दिसलं की बाजूला ठेवायचा. भोसरी, चाकण, रांजणगावचा कोणताही कामगार याचं कारण सांगेल. औद्योगिक विवादाच्या १९४७ च्या कायद्यात वर्षात २४० दिवस काम भरलं की सलग सेवा धरली जायची आणि कामावरून कमी करताना नोटीस, भरपाई मागे लागायची. म्हणून कंत्राटदार सातव्या महिन्यात ‘ब्रेक’ द्यायचे. पोरगं एका गेटमधून बाहेर पडून दुसऱ्या गेटला उभं राहायचं. तो धरसोडपणा आपल्या धंद्यानं त्याच्या अर्जात लिहिलाय, त्यानं नाही. मी वेगळं बघतो. ज्या दोन-तीन ठिकाणी ब्रेकची सक्ती नव्हती तिथं तो किती टिकला, आणि जाताना पुढचं ठिकाण हातात होतं का.

मधल्या रिकाम्या काळाचंही तसंच. २०२० सालात खड्डाच नसलेला अर्ज मला उलट संशयास्पद वाटतो. वडिलांचं आजारपण, बाळंतपण, सोयाबीनच्या काढणीला गावी जाऊन दोन महिने थांबणं, ही कारणं लोक सरळ सांगतात. धोक्याची खूण असेल तर ती म्हणजे कारण सांगताना महिने हलणं. अर्जात जून, तोंडी दिवाळी, आणि पगाराच्या चिठ्ठीवर फेब्रुवारी.

मुलाखतीत घाम येणं, अडखळणं, नजर चुकवणं याला मी शून्य मार्क देतो. उत्तम टर्नर अनेकदा चार वाक्यं धड बोलत नाही. उलट, मुलाखतीत ज्याचा अजिबात कुठे पाय अडकत नाही, त्यानं मुलाखतीच फार दिलेल्या असतात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली तोवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. उमेदवाराकडून प्रत्यक्ष काम करून घेणं आणि सर्वांना आधी ठरवलेले तेच प्रश्न विचारणं या दोन गोष्टी त्यात वरच्या रांगेत आल्या, अनुभवाची नुसती वर्षं बरीच खाली गेली, आणि हस्ताक्षरावरून माणूस ओळखणं जवळजवळ शून्यावर. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे तपासून बरेच खाली आणले, पण ठरवून घेतलेल्या मुलाखतीला पहिला नंबर दिला. मला हे वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे पाहुण्यांत एक जण अजून सहीवरून माणसं निवडतात.

कागदांकडे मात्र निवांत बघावं. घाईत आपण अनुभवाच्या दाखल्यावरचा मजकूर वाचतो, खरी गंमत लेटरहेडच्या तळाशी असते. एका हिशेबनीसानं मला २०१६ च्या मार्चचा दाखला दिला. मजकूर छान, शिक्का गोल, सही लपेटदार. तळाला २७ नं सुरू होणारा पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर छापलेला. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. म्हणजे तो कागद, तारीख काहीही असो, त्यानंतरच छापलेला. मी विचारलं, तर म्हणाला मूळ दाखला हरवला, हा नंतर करून घेतला. असं होऊ शकतं, नाही असं नाही. मग नंतरची तारीख का नाही घातली, यावर तो गप्प बसला. तसंच कुणी ‘२०१५ पासून जीएसटीचं काम करतो’ असं लिहून आणलं तर त्याला आधी व्हॅटबद्दल बोलू द्यावं. ज्यानं खरंच तेव्हा काम केलंय तो हसून चूक दुरुस्त करतो आणि व्हॅटच्या चार आठवणी सांगतो.

मार्कशीट आणि आयटीआयचं प्रमाणपत्र याबद्दल वाद घालत बसू नये. दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमधून उमेदवारानं तुमच्यासमोर उघडून दाखवली की विषय संपला. आधारकार्डाच्या झेरॉक्सवर जाऊ नका, त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपनं स्कॅन होतो. वयाचा पुरावा तर घ्यावाच. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे आणि अठराच्या आतल्याला धोक्याच्या कामावर लावता येत नाही. ‘अठराचाच आहे, दिसायला लहान आहे’ हे वाक्य कानावर आलं की कागद मागायचाच.

पीएफचं पासबुक हा मला सगळ्यात बोलका कागद वाटतो. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, कुणी, किती भरले हे त्यात दिसतं. उमेदवाराला आपल्या मोबाइलवर उघडून दाखवायला सांगा, पासवर्ड तुम्ही मागू नका. पण इथंही घाईनं निकाल देण्यात फसगत आहे. अर्जात मोठ्या कंपनीचं नाव आणि पासबुकात भलत्याच एंटरप्रायजेसचं नाव दिसलं की आपण म्हणतो खोटारडा. तो कंत्राटदार असतो. काम कंपनीत, पगार त्याच्याकडून. तसंच साठ माणसांच्या कारखान्यात तीन वर्षं होतो म्हणणाऱ्याचं पीएफ खातंच नसेल, तर २० माणसांपासून लागू होणारा कायदा मालकानं बुडवलाय की यानं तीन वर्षं फुगवलीत, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. विचारावं.

मग फोन. हे काम बहुतेक जण करतच नाहीत आणि करतात ते चुकीचं करतात. उमेदवारानं लिहून दिलेल्या नंबरावर फोन लावला की पलीकडून ‘लय चांगला पोरगा आहे साहेब’ येणारच, तो त्याचा रूमपार्टनर असू शकतो. कंपनीचा नंबर आपण शोधावा. आणि ‘कसा आहे?’ असं विचारू नये, या प्रश्नाला सगळे ‘चांगला आहे’ म्हणतात. मी दोनच गोष्टी विचारतो. त्याच्याकडे नेमकं काय काम होतं? आणि तो परत आला तर घ्याल का? दुसऱ्या प्रश्नानंतर जी शांतता पसरते तिची लांबी मोजावी. ‘घेऊ की, कालच्या काल घेऊ’ असं पटकन आलं तर ठीक. ‘तसं काही नाही, पण सध्या आमच्याकडे जागा नाही’ असं आलं तर आणखी एक फोन करावा. अति स्तुतीपासूनही जपा. त्रासदायक माणूस चांगल्या शब्दांत शेजाऱ्याच्या गळ्यात बांधणारे मालक मी पाहिलेत. खोटं कशाला बोलू, एकदा मीही ते केलंय.

एक पथ्य मात्र पाळा. उमेदवार सध्या जिथं कामाला आहे तिथं त्याच्या परवानगीशिवाय फोन करू नका. तुमची खात्री होईल आणि त्याची आहे ती नोकरी जाईल. आधीच्या कुठल्याच ठिकाणी विचारू नका असं जर तो म्हणाला, तर मात्र ती मोठी खूण. एका मालकाशी भांडण झालेलं असू शकतं. चारही मालकांशी?

आता हात. आमच्या धंद्यात माणूस हातावरून कळतो आणि तुमच्याही धंद्यात कळत असणार, फक्त तुम्ही त्याच्या हातात काही द्यायला हवं. मी टेबलावर एक टर्न केलेली पिन आणि मायक्रोमीटर ठेवतो, शेजारी बोअर असलेला एक जॉब, व्हर्निअर आणि ड्रॉइंग. बोअरला ड्रॉइंगवर २५ एच ७ लिहिलेलं आहे. ‘बघ, पास आहे का?’ एवढंच म्हणतो आणि फोनवर बोलायचं सोंग करतो.

काही जण मायक्रोमीटर वाइससारखा आवळतात. रॅचेट कशासाठी असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. काही जण आधी पिन पुसतात, मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसतात, बंद करून शून्य बघतात आणि मगच पिन धरतात. या माणसाचा अर्ज मी पुढे वाचत नाही, गरज उरत नाही. बोअरच्या बाबतीत गंमत अशी की २५ एच ७ ला फक्त २१ मायक्रॉनची सूट असते आणि टेबलावरचा व्हर्निअर २० मायक्रॉनच्या टप्प्यानं वाचतो. त्यानं तो बोअर पास आहे की नापास हे सांगताच येत नाही. तरी दहातले सहा-सात जण व्हर्निअर घालून ‘ओके आहे साहेब’ म्हणतात. एखादा विचारतो, ‘प्लग गेज कुठं आहे?’ आणि क्वचित कुणी म्हणतो, ‘हे याच्यानं नाही सांगता येणार.’ व्हर्निअर घालणाऱ्याला शिकवता येतं, मीही कधीकाळी तेच केलं असतं. पण मी गेज दाखवल्यावरसुद्धा जो ‘आमच्याकडे असंच मोजायचे’ म्हणून अडून बसतो त्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

हिशेबनीसाला मी मायक्रोमीटर देत नाही, पण तत्त्व तेच. एका पार्टीचं बिल आपल्याकडे आलंय, माल आलाय, पण जीएसटीच्या २बी मध्ये ते दिसत नाही, काय कराल? महिन्याच्या ११ आणि २० तारखेला काय असतं? मासिक विवरणपत्रं भरलेल्या माणसाला या तारखा रेशनच्या तारखेसारख्या पाठ असतात. त्याहून मोलाचा प्रश्न शेवटी, उठता उठता विचारायचा: तुम्ही सुट्टीवर गेलात की तुमचं काम कोण बघायचं? ‘मी सुट्टी घेतच नाही साहेब’ हे उत्तर ऐकून आपल्याला भरून येतं. जरा थांबा. संवेदनशील जागांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान १० कामकाजाचे दिवस, आगाऊ न कळवता, सक्तीनं सुट्टीवर पाठवायला रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. कारण उघड आहे. झाकलेला व्यवहार रोज कुणीतरी झाकत राहावा लागतो, आणि तो माणूस दहा दिवस नसला की झाकण उडतं. सुट्टी न घेणारे सगळे लबाड असतात असं मुळीच नाही, बहुतेक बिचारे मालकाला घाबरलेले असतात. पण आपली वही दुसऱ्याला दाखवायला जो तयार नाही त्याच्या हातात बँकेचा ओटीपी देऊ नये.

उचलीबद्दल आमच्यात फार कडक मतं आहेत. पहिल्याच दिवशी उचल मागितली की गेलाच म्हणून समजा, असं जुने लोक सांगतात. मी एवढं ताणत नाही. लातूरहून आलेल्या पोराला खोलीचं डिपॉझिट भरायचं असतं, महिनाभर खानावळ चालवायची असते. कशासाठी पाहिजे ते सांगतो का आणि आकडा त्या कारणाला साजेसा आहे का, एवढं बघावं. काम काय, शिफ्ट कुठली, हे विचारायच्या आधी जो उचलीचं विचारतो तो मात्र बहुधा पुढच्या गेटलाही तेच विचारणार असतो. आणि माणूस अडकून राहावा म्हणून मोठी उचल देण्याची जी पद्धत आहे ती सोडा. उचलीच्या बदल्यात माणूस बांधून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. त्याची मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवणं, कोरा चेक घेणं, हेही नको. जो शहाणा उमेदवार आहे तो मूळ कागद मागणाऱ्या मालकाकडे धोक्याची खूण म्हणून बघतो, आणि त्याचं बरोबर आहे.

काही प्रश्न विचारूच नयेत. बाईला लग्न कधी, मूल कधी, हे विचारायचं नाही. स्त्री-पुरुष भेद करून माणूस घेणं १९७६ च्या समान वेतन कायद्यापासूनच बेकायदा आहे. एचआयव्हीची तपासणी नोकरीची अट म्हणून मागता येत नाही, २०१७ चा कायदा ते थेट मना करतो. पण कायद्यात सापडणार नाहीत असेही काही प्रश्न आपण रोज विचारतो. आडनाव काय? गाव कोणतं? मग गावात कुणाकडचे? या तीन प्रश्नांत आपण काय शोधत असतो ते आपल्याला माहीत असतं आणि समोरच्यालाही. त्याच्या उत्तरात तो मायक्रोमीटर कसा धरतो हे कधीच सापडत नाही. माझ्याकडे आज चौदा माणसं आहेत. हे प्रश्न मी विचारत बसलो असतो तर त्यातले निदान चार जण माझ्याकडे नसते, आणि त्यातला एक माझा सगळ्यात चांगला सेटर आहे.

एवढं करूनही पहिले काही दिवस उघड्या डोळ्यांनीच काढावे लागतात. दोन दिवस काम करून बघ म्हणावं, पण त्या दोन दिवसांचे पैसे द्यावेत आणि हजेरीवर नाव चढवावं. ट्रायलवरच्या माणसाचं बोट गेलं तर ‘तो अजून आमचा नव्हता’ हे कुणी ऐकून घेत नाही. नेमणुकीचं पत्र पहिल्याच दिवशी द्यावं, त्यात काम, पगार, परिवीक्षेचा काळ, आणि दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस ते स्पष्ट लिहावं. पत्रावर सही करायला जो टाळाटाळ करतो त्याला कारण विचारा. पत्र द्यायला जो टाळाटाळ करतो त्या मालकाला काय विचारायचं ते कामगारांना ठाऊक आहे.

आणि भंगाराच्या पेटीकडे लक्ष ठेवा. पहिल्या आठवड्यात रिजेक्शन होणारच. जॉब वाया गेल्यावर नवा माणूस तो हातात घेऊन तुमच्याकडे येतो, की पेटीत चिप्सच्या खाली दाबतो, यावरून मी परिवीक्षेचा निर्णय जवळजवळ घेऊन टाकतो. अट एकच, की जॉब घेऊन आलेल्या पहिल्या माणसावर तुम्ही चारचौघांत ओरडलेलं नसावं. ओरडला असाल तर पुढच्या सगळ्या पेट्या दाबलेल्याच निघतील, मग कितीही पारखून माणूस घ्या.

जाता जाता, तुम्हीही टेबलावर मायक्रोमीटर ठेवणार असाल तर आदल्या दिवशी त्याचं शून्य तपासून घ्या. गेल्या महिन्यात मुलाखतीला आलेल्या एका मुलीनं पिन मोजायला नकार दिला. ‘सर, हा दोन शतांशानं पुढे आहे,’ म्हणाली. बघितलं, तर होता. ती एक तारखेपासून आमच्याकडे क्वालिटीला रुजू झाली.